दात सोडलेली भिंत

भिंत आम्हीच बांधली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की बाईनं सोयीचं तेवढंच सांगितलं. पाया बाबांनी आखला, दगड माझ्या धाकट्या भावानं घडवले आणि माल मी कालवला. नऊ फूट उंच, दोन फूट जाड, कुरणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाच महिने आमच्या घरातल्या तिघांनी दुसरं काही केलं नाही.

कुरण म्हणजे गावाच्या वरच्या अंगाचा हिरवा उतार. मधे तळं, तळ्याकाठी सात-आठ जुनी झाडं आणि गावातून निघून तळ्यापर्यंत जाणारी पायवाट. कागदावर ते कुणाचं होतं हे आम्हाला माहीत नव्हतं आणि विचारायची गरजही कधी पडली नाही. गवळ्याच्या म्हशी तिथे डुंबायच्या, बायका कपडे धुऊन गवतावर वाळत घालायच्या, म्हातारी माणसं झाडाखाली बसून एकमेकांच्या सुनांना नावं ठेवायची. माझ्या वेळी आईला कळा सुरू झाल्या त्या तिथेच. मग एक दिवस कळलं की अख्खा उतार विकला गेलाय आणि घेणारे मोठे साहेब आहेत. मोठे साहेब म्हणजे ज्यांचा चेहरा हमरस्त्यावरच्या फलकांवर दोन मजले उंच लावलेला असतो, ते. स्वतःचा चेहरा जागोजागी टांगलेला चालतो, पण त्यांच्या खिडकीकडे कुणी बघितलेलं त्यांना खपत नव्हतं.

उताराच्या माथ्यावर त्यांनी काचेचं घर बांधलं. काचेचं घर बांधायचं आणि लोक बघतात म्हणून चिडायचं, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही. तळ्यावर गेलेल्या एका पोरीनं त्यांच्या बायकोचा गच्चीत केस वाळवतानाचा फोटो काढला आणि तो हातोहात सगळीकडे फिरला. त्यानंतर भिंतीची गोष्ट निघाली.

साहेबांचा मॅनेजर आमच्या दारात आला तेव्हा बाबांनी लगेच हो म्हटलं नाही. गावात बाबांना ओळंबा म्हणतात. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला दोरीला जो जड गोळा बांधून सोडतात, तो ओळंबा. बाबांची भिंत कधी कलली नाही आणि बाबांचा शब्दही कधी कलला नाही, म्हणून ते नाव. त्यांनी शाळेच्या ओट्यावर गावाला बोलावलं आणि सरळ मांडलं: भिंत तर होणारच आहे. बाहेरचे गवंडी आले तर सगळं लिंपून मोकळे होतील. मी बांधली तर पायवाटेवर चार फुटांचं फाटक ठेवीन, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत उघडं. मॅनेजरनं तसं कबूल केलंय. गवळी, जो तीस वर्षं बाबांबरोबर एका विडीत दोघं अशी दोस्ती सांभाळून होता, तो उठून म्हणाला, "ओळंब्या, फाटकाचा शब्द तुझा ना? साहेबाचा मला नको." बाबा म्हणाले, "माझा."

बस, एवढंच झालं. पुढचं सगळं त्या एका शब्दावर उभं राहिलं.

काम सोपं नव्हतं. खालचा थर खडकात होता, पहार टाकली की हातांना झिणझिण्या यायच्या. धाकट्याचं एक नख दगडाखाली आलं आणि काळं पडून गळालं. माझ्या तळव्यांना चुन्यानं चिरा पडल्या, घमेलं उचललं की त्या उघडायच्या. आई संध्याकाळी तेल गरम करून तिघांचे हात पुढ्यात घ्यायची आणि साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. त्या शिव्या ऐकून आम्हाला झोप चांगली लागायची.

अपमान मात्र तेलानं जात नाही. आत नळ होता, पण पाणी आम्ही बागेच्या रबरी पाइपातून प्यायचं, तेही वॉचमननं सोडलं तर. आणि दुसरं म्हणजे साहेब किंवा बाईसाहेब बागेत आल्या की वॉचमन लांबून ओरडायचा, "तोंड फिरवा!" मग हातातलं टाकून आम्ही भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. साठ वर्षांचा माझा बाप, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखा, स्वतः रचलेल्या दगडांना नाक लावून उभा. वॉचमनच्या हातात साखळी आणि साखळीला कुत्रा, त्यामुळे मान जराही वळवायची सोय नव्हती. पहिल्या महिन्यात मला रडू यायचं. पाचव्या महिन्यात त्याचा आवाज आला की पाय आपोआप वळायचे, आणि त्याचा मला जास्त राग यायचा.

आता ती चूक सांगते, जिच्यामुळे सगळं झालं.

दिवसाचं काम थांबवताना गवंडी भिंतीची कड सरळ ठेवत नाही. एक दगड पुढे, एक मागे अशी ठेवतो. त्याला आम्ही दात सोडणं म्हणतो. उद्याचं बांधकाम त्या दातांत अडकतं आणि जुनी-नवी भिंत एकजीव होते. पण जिथे भिंत कायमची संपते, म्हणजे दारापाशी, तिथे दात सोडायचे नसतात. तिथे मोठे घडीव कोपऱ्याचे दगड बसवून कड सुतात, म्हणजे एका सरळ रेषेत घ्यायची. दगडाची जाण असलेल्या कुणालाही कड बघून सांगता येतं की इथे भिंत संपली की अजून पुढे जायची आहे.

फाटकाच्या दोन्ही बाजू आल्या तेव्हा बाबा कोपऱ्याचे दगड निवडायला दोन दिवस खाणीवर गेले होते. धाकटा एकटा बांधत होता. सहाव्या वर्षापासून बाबांनी त्याला कानफटात मारून मारून शिकवलं होतं की दात सोडल्याशिवाय काम थांबवायचं नाही. त्यानं फाटकाच्या दोन्ही कडांना खालपासून वरपर्यंत सुरेख दात सोडले. त्याच्या डोक्यात काही पाप नव्हतं, हाताची सवय होती. बाबा परत आले, बघितलं, आणि सव्वीस वर्षांच्या मुलाच्या थोबाडीत वाजवली.

"हे दार आहे की उद्याचं काम?" एवढंच म्हणाले.

दुरुस्त करायचं तर दोन्ही बाजूंची तीन-तीन फूट भिंत उतरवावी लागणार होती. मॅनेजर म्हणाला, उद्या पाहुणे येतायत, हा पसारा नको. सुतारानं लाकडी चौकट उभी केली, फळ्या ठोकल्या, दात झाकले गेले. बाबांनी पुढे तीनदा जाऊन सांगितलं की मला कोपऱ्याचे दगड बसवू द्या, मजुरी देऊ नका. तीनदा ‘नंतर बघू’ झालं. दगड आमच्या अंगणात पडून राहिले आणि आई त्यांच्यावर भांडी वाळवायला लागली. बाबांनी गावात हे कुणाला सांगितलं नाही. आपल्या पोराचा हात चुकला हे सांगायची त्यांना लाज वाटली. हा त्यांचा गुन्हा, आणि माझ्या बापाचा म्हणून मी तो झाकणार नाही.

थंडीभर फाटक उघडं राहिलं. लोक रांगेनं जात, रांगेनं येत. मग ऊन वाढलं, गावातल्या विहिरी तळाला गेल्या आणि पाणी उरलं ते फक्त तळ्यात. जनावरं, हंडे, पोरंसोरं सगळी त्या चार फुटांतून आत जायला लागली. एका शेळीनं बाईसाहेबांची फुलझाडं खाल्ली. त्याच आठवड्यात मॅनेजर बाबांना म्हणाला, फाटक बुजवा. बाबांनी नाही म्हटलं. त्यानं परत विचारलं नाही, शहरातून चार गवंडी आणले.

सकाळी त्यांनी चौकट उपटली. पंधरा-वीस बायका हंडे घेऊन समोर उभ्या होत्या, मीही होते. फळ्या निघाल्या आणि दोन्ही बाजूंचे दात उघडे पडले. शहरातला गवंडी हसला आणि जोडीदाराला म्हणाला, "अरे, यांनी तर आपल्यासाठी तयारीच करून ठेवलीय." दगड दातांत असे बसत गेले की दुपारपर्यंत चार फूट भरून निघाले. एकेक बाई माझ्याकडे बघत होती. मी हंडा उचलला आणि घरी आले.

त्यानंतर जनावरं पाण्यावर न्यायची ती खाणीला वळसा घालून, दोन तासांच्या वाटेनं. तिसऱ्या दिवशी गवळ्याची दुभती म्हैस खाणीच्या कडेवरून घसरली. खाली पडली तेव्हा जिवंत होती. पुढचे दोन्ही पाय मोडलेले, आणि ओरडत होती. गवळ्यानं स्वतः खाली उतरून दगडानं तिला गप्प केलं. तो वर आला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर तिचं रक्त होतं. तसाच तो आमच्याकडे आला, मागे तीस-चाळीस माणसं.

भर दुपार होती. आई दारात बसून धान्य निवडत होती, ती सुपासकट बाजूला फेकली गेली. दोघांनी धाकट्याला केसांना धरून अंगणात आणलं आणि तोंडावर लाथा घातल्या. त्याचा दात तुटून माझ्या पायाशी पडला. मी मधे पडले तर कुणीतरी माझी वेणी हाताला गुंडाळून मला घराच्या भिंतीवर आपटलं. कपाळ फुटलं. ज्यांनी मारलं त्यांची नावं मला पाठ आहेत, त्यांच्या घरांच्या चुली मी लिंपल्यात.

बाबा आतून आले. गवळी त्यांच्यासमोर उभा राहिला आणि अगदी हळू बोलला. "दारात दात कुणी सोडले? पोरानं बांधलं ना ते? त्यानं साहेबाकडून काय घेतलं?"

बाबांनी धाकट्याकडे बघितलं. त्याचं तोंड रक्तानं भरलेलं, गुडघ्यावर बसलेला, मागे दोघं काठ्या घेऊन. सवय होती, चूक होती, हे त्या घडीला कोण ऐकणार होतं?

"मी सोडले," बाबा म्हणाले. "पोराला सोडा."

धाकटा काही बोलला नाही. मीही बोलले नाही. मी तोंड उघडलं असतं तर बापाचा हात वाचला असता आणि भाऊ गेला असता. मी उघडलं नाही, आणि तेव्हापासून रोज एकदा तरी ते माझ्यासमोर येतं.

गवळ्यानं ओसरीवरचा बाबांचाच घण उचलला. अंगणात पडलेल्या कोपऱ्याच्या दगडावर दोघांनी बाबांचा उजवा हात दाबून धरला. बाबांनी हात ओढला नाही. पहिल्या घावाला हाड मोडल्याचा आवाज झाला, दुसऱ्याला आवाज बदलला. तिसरा घाव मारायला गवळ्यानं घण वर नेला आणि तसाच खाली टाकला. मग सगळे गेले. आई धान्य गोळा करत राहिली, एकेक दाणा, जणू तेवढंच काम जगात उरलं होतं.

वैद्यानं हाताला फळी बांधली आणि म्हणाला, बोटं हलतील, पण थापी धरता यायची नाही. बाबांनी मान हलवली. धाकटा कोपऱ्यात बसून होता, त्यानं पाणीसुद्धा प्यायलं नाही.

सकाळी उन्हं आल्यावर त्यानं पहार उचलली आणि निघाला. मी फावडं घेतलं. बाबा हात गळ्यात बांधून आमच्या मागून आले. आई म्हणाली, तिघंही मरा एकदाचे, आणि दार लावून घेतलं. लोक घराबाहेर येऊन बघत होते, पण कुणी अडवलं नाही.

बुजवलेल्या फाटकापाशी बाबांनी नख लावून माल बघितला. "वाळूच आहे," म्हणाले. "चार दिवसांत काही धरलेलं नाही. पण वरून काढत ये. खालून हात लावलास तर दातांनी दोन्हीकडची भिंत ओढली जाईल. ऐकतोयस ना? वरून." धाकटा खाचांत पाय देऊन वर चढला. पहिला दगड त्यानं आत ढकलला, दुसरा ढकलला. चौथ्या दगडाला आतून कुत्रा भुंकला.

वॉचमन आणि अजून तिघं वरच्या मोठ्या दरवाज्यानं बाहेर पडून भिंतीच्या कडेनं धावत आले. त्यांनी धाकट्याला पाय धरून खाली खेचलं. तो पाठीवर पडला आणि काठ्या सुरू झाल्या. पाठीवर, मांड्यांवर, डोक्यावर. बाबा मधे गेले तर त्यांच्या फळी बांधलेल्या हातावरच काठी बसली. बाबा ओरडले. मी त्यांना जन्मात कधी तसं ओरडताना ऐकलं नव्हतं, घणाखालीसुद्धा नाही. वॉचमननं साखळी सोडली आणि कुत्र्यानं धाकट्याचा दंड पकडला.

मी फावडं आडवं फिरवलं. पहिला वार कुत्र्याच्या कमरेवर बसला, तो केकाटत फरफटत गेला. दुसरा वॉचमनच्या तोंडावर. त्याचा ओठ नाकापर्यंत फाटला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पाच महिने त्याच्या आवाजावर वळत होते, ते सगळं त्या एका फटक्यात गेलं. बाकीचे तिघं क्षणभर थबकले.

तेवढ्यात धाकटा उठला. वर चढायला त्याच्यात त्राण नव्हतं आणि वेळही नव्हता. त्यानं पहार खालच्या थरात घुसवली. बाबा म्हणत होते, वरून, अरे वरून, पण त्यानं सगळं अंग पहारीवर टाकलं. एक दगड निघाला, दुसरा निघाला. मग भिंत आतून करकरली. नवा भाग खाली बसला आणि बसताना त्यानं दातांतले जुने दगड बाहेर ओढले, त्यांनी त्यांच्या मागचे. धाकट्याचं ते चुकलेलं काम इतकं पक्कं होतं की नवी-जुनी भिंत खरोखर एकजीव झाली होती. दोन्हीकडची मिळून वीस फूट भिंत आली. मी बाबांना ओढलं. धाकटा मागे सरला, पण उजवा पाय आत राहिला.

धूळ खाली बसेपर्यंत कुणालाच काही दिसत नव्हतं. आवाज ऐकून गाव धावत आलं होतं. आणि समोर, वीस फुटांच्या खिंडारातून, तळं, हिरवा उतार आणि काचेचं घर पूर्ण दिसत होतं. साहेब पांढऱ्या कपड्यांत बागेत आले होते. त्यांना बघून वॉचमन, फाटक्या तोंडानं, रक्त थुंकत, सवयीनं ओरडला, "तोंड फिरवा!"

आणि माझे बाबा फिरले. सवयीनंच. साहेबांकडे पाठ करून ते भिंतीकडे तोंड करायला वळले, पण आम्ही आता बाहेरच्या बाजूला होतो, तिथे भिंत नव्हती. तिथे गाव उभं होतं, आणि सगळ्यांत पुढे गवळी. दोघं हातभर अंतरावर समोरासमोर आले. गवळ्याची नजर बाबांच्या हातावर गेली आणि तिथेच राहिली.

दगडांत पाय अडकलेला धाकटा बोलला. आवाज बारीक होता, पण सगळ्यांनी ऐकला. "दात मी सोडले होते. बाबा खाणीवर होते. माझा हात चुकला. बाबा खोटं बोलले."

गवळी खाली बसला. मला वाटलं चक्कर आली. पण त्यानं दोन्ही हात दगडाखाली घातले आणि उचलायला लागला. मग बाकीचे आले. काल ज्यांनी माझी वेणी ओढली तेही होते. साहेब केव्हा आत गेले ते कुणी बघितलं नाही, कारण कुणी तिकडे बघतच नव्हतं.

धाकट्याचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आमच्यावर खटला आहे, तो चालूच आहे, तारखेला मी आणि तो जातो. खिंडार बुजवायला मॅनेजरनं शहरातले गवंडी दोनदा आणले. दोन्ही वेळा सगळं गाव पायवाटेवर येऊन बसलं, आणि वीस फूट रुंदीची माणसं हलवणं त्याला जमलं नाही. काचेच्या घराला आता आतून जाड पडदे आहेत. ते आधीच लावले असते तर काय बिघडलं असतं, असं आई येता-जाता म्हणते.

पावसाच्या आधी बाबांनी ते कोपऱ्याचे दगड बैलगाडीत घालून वर नेले. गाडी गवळ्याची. दोघं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. गवळी दगड उचलून द्यायचा, धाकटा बसल्या जागी छिन्नी चालवायचा, आणि बाबा डाव्या हातानं बसवायचे. थापी धरता यायची नाही, म्हणून माल मी लावत होते. वॉचमन लांब उभा होता, ओठावर टाक्यांचा व्रण. बाईसाहेब बागेत येऊन गेल्या, तो काही ओरडला नाही.

खिंडाराच्या दोन्ही कडा पूर्ण व्हायला नऊ दिवस लागले. शेवटच्या दिवशी बाबांनी ओळंबा सोडला. दोरी थरथरली, थांबली. वरपासून खालपर्यंत कड दोरीला लागून होती, कुठे दात नाही. बाबा धाकट्याला म्हणाले, "बघ. इथे भिंत संपली."

मग गवळ्यानं म्हशी आत सोडल्या.